पोटात काही नसलं तरी इन्सुलिन बंद नाही : किटोन वाढल्यावर काय करायचं

टाईप १ मधुमेह, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असा मधुमेह, असलेल्या घरात आजारपणाच्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘सकाळपासून काही खाल्लं नाही पोरीने, मग इन्सुलिन कशाला टोचायचं? शुगर एकदम खाली यायची.’ हे बोलणारी आजी असते, मावशी असते, कधी शेजारच्या काकू असतात, आणि सगळ्या मायेपोटीच बोलतात. पण ताप-उलट्यांच्या दिवशी इन्सुलिन पूर्ण बंद करणं म्हणजे किटोनना, चरबी जळताना तयार होणाऱ्या आम्लधर्मी पदार्थांना, घरात बोलावणं.

माझ्या मुलीला टाईप १ आहे. नव्याने निदान झालेल्या मुलांच्या आईवडिलांशी माझं सतत बोलणं होतं आणि शुगरबद्दल त्यांना पहिल्या महिनाभरात बरंच काही समजलेलं असतं. किटोनबद्दल मात्र डिस्चार्जच्या कागदावरची एखादी ओळ, तीही घाईत वाचलेली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यातले आकडे डॉक्टर मंडळी सर्वसाधारणपणे वापरतात तेच आहेत. इन्सुलिनचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी ठरवून दिलेलाच घ्यायचा.

किटोन येतात कुठून

शरीराला चालायला साखर लागते आणि ती पेशींमध्ये जायला इन्सुलिन लागतं. इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात. मग शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं आणि त्या चरबीपासून यकृत किटोन तयार करतं. चुलीत ओली लाकडं घातली की जाळ होतो खरा, पण घरभर धूर कोंडतो, तसंच हे.

थोडे किटोन सगळ्यांच्याच शरीरात बनतात. रात्रभर पोट रिकामं राहिलं की सकाळी कुणाच्याही रक्तात ते सापडतील. पण निरोगी माणसाचं स्वतःचं इन्सुलिन त्यांना लगाम घालून ठेवतं. टाईप १ मध्ये हा लगाम बाहेरून, सुईनेच द्यावा लागतो. तो सुटला की किटोन तासातासाने वाढत जातात, रक्त आम्लधर्मी होतं, लघवीवाटे पाणी आणि क्षार निघून जातात, उलट्या सुरू होतात, आणि उलट्यांमुळे पाणी आणखी कमी होतं. या अवस्थेला डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. हॉस्पिटलमध्ये सगळे ‘डीकेए’च म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर डीकेए जीवघेणा ठरतो.

इन्सुलिनच्या इतिहासातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला जनावरांच्या स्वादुपिंडापासून काढलेल्या अर्काचं, म्हणजे इन्सुलिनचं, पहिलं इंजेक्शन दिलं, तारीख ११. त्याने शुगर थोडी उतरली, पण लघवीतले किटोन काही हटले नाहीत. मग तिथल्याच टीममधले रसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी तो अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली. या वेळी शुगर तर उतरलीच, लघवीतले किटोनही गेले. तेव्हापासून आजपर्यंत किटोनवरचं औषध एकच आहे, इन्सुलिन. पाणी प्यायल्याने शरीर सावरायला मदत होते, पण किटोन बनणं थांबतं ते इन्सुलिननेच. लिंबूपाणी, मेथ्या, काढा यांनी ते थांबत नाही.

कधी तपासायचं

शुगर २५० च्या वर गेली आणि दोनेक तासांनी पुन्हा तपासली तरी तिथेच असली, की किटोन तपासा. एवढं बहुतेकांना माहीत असतं. निसटतं ते पुढचं: ताप, जुलाब, घसा, दाढ सुजणं असं काहीही दुखणं आलं, तर शुगर ठीक दिसली तरी किटोन बघायचे. इंजेक्शन चुकलं असेल, इन्सुलिन पंपाची (अंगाला लावलेल्या, सतत इन्सुलिन सोडणाऱ्या यंत्राची) नळी निघालेली सापडली, एखाद्या दुखण्यासाठी स्टिरॉइड सुरू झालं असेल, तरीही बघायचे. गरोदर बाईला मधुमेह असेल तर शुगर २०० च्या आत असतानाही किटोन झपाट्याने वाढू शकतात. तिने जरा बरं वाटेनासं झालं तरी वाट बघत बसू नये.

आणि मळमळ, उलटी किंवा पोटदुखी असेल तर कुठल्याही शुगरला तपासायचे. यावर मी जरा थांबते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. मुलाला उलटी झाली की आपण म्हणतो, पित्त झालं. बाहेरचं खाल्लं असेल, उन्हात खेळला असेल, जागरण झालं असेल. मग कोकम सरबत, आलेपाक, पित्ताची गोळी, आणि ‘झोपू दे जरा’. डीकेएची सुरुवात हुबेहूब पित्तासारखीच दिसते: पोटात दुखतं, मळमळतं, तोंड कोरडं पडतं, अंगात त्राण नसतं. पोट इतकं दुखतं की कधी अपेंडिक्सची शंका घेतली जाते. श्वास जोरात चालतो म्हणून कधी न्यूमोनिया वाटतो. मधुमेह असलेल्या माणसाला उलटी झाली तर किटोन तपासून होईपर्यंत ‘पित्त’ म्हणायचंच नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तरी खूप झालं.

तोंडाला येणारा वासही ओळखायला शिका. जास्त पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा तो येतो. मात्र काहींना हा वास जाणवतच नाही, त्यामुळे वास नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

तपासायचं कसं

दोन मार्ग आहेत. एक, रक्तातले किटोन मोजणारं मीटर. दुसरा, लघवीची स्ट्रिप. ऐपत असेल आणि तुमच्या भागात पट्ट्या नियमित मिळत असतील तर रक्ताचं मीटर घ्या. त्यात आत्ता या घडीला काय चाललंय ते कळतं. पद्धत शुगरसारखीच: हात साबणाने धुवून कोरडे करायचे, बोट टोचायचं, थेंब लावायचा. किटोनच्या पट्ट्या वेगळ्या असतात. शुगरच्या पट्टीवर किटोन कळत नाहीत. दंडावर लावलेला सेन्सरही फक्त शुगरच दाखवतो. त्यावर आकडा बरा दिसला म्हणजे किटोन नाहीत असा अर्थ होत नाही.

लहान गावात लघवीच्या स्ट्रिपच सहज मिळतात. ‘केटो’ लिहिलेली बाटली मेडिकलमध्ये मागा. काही बाटल्यांमध्ये एकाच पट्टीवर शुगर आणि किटोन असे दोन चौकोन असतात, त्याही चालतील. स्वच्छ भांड्यात ताजी लघवी घ्या. पट्टीचं टोक क्षणभर बुडवून बाहेर काढा, कडेला टेकवून जास्तीचा थेंब निथळू द्या आणि लगेच घड्याळाकडे बघा. किटोनचा चौकोन बऱ्याच कंपन्यांच्या पट्टीवर १५ सेकंदांनी वाचायचा असतो, काहींवर ४० सेकंदांनी. बाटलीवर छापलेलं पाहून घ्या. त्याच क्षणी तो रंग बाटलीवरच्या रंगांच्या पट्ट्याशी जुळवायचा. बदामी राहिला तर किटोन नाहीत. गुलाबी झाक म्हणजे थोडे. मरून-जांभळ्याकडे झुकला तर भरपूर. नंतर चौकोन गडद होत जातो, म्हणून पाच मिनिटांनी परत बघून घाबरू नका. झिरोच्या पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतो. रात्री ट्यूबलाईटखाली उभं राहूनच वाचा.

या स्ट्रिपची मर्यादा समजून घेणं महत्त्वाचं आहे. डीकेएमध्ये रक्तात सगळ्यात जास्त असतो तो बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट नावाचा किटोन, आणि लघवीच्या स्ट्रिपला तो दिसतच नाही. स्ट्रिपला दिसतो अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट. शिवाय लघवी मूत्राशयात साठलेली असते, त्यामुळे स्ट्रिप काही तासांपूर्वीची स्थिती सांगते. सुरुवातीला ती कमी दाखवू शकते. उलट बरं होताना पहिला किटोन दुसऱ्यात बदलत असतो, तेव्हा रक्त सुधारलेलं असूनही स्ट्रिप जांभळीच राहू शकते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर किटोन असूनही स्ट्रिप कोरी येऊ शकते. त्यामुळे स्ट्रिप कोरी आणि माणूस मात्र खराब दिसतोय, असं झालं तर माणसावर विश्वास ठेवा.

बाटली उघडलेली तारीख झाकणावर पेनाने लिहा. उघडल्यानंतर साधारण सहा महिने चालते. झाकण लगेच घट्ट लावा. कोकणातल्या पावसाळ्यात बाथरूमच्या फळीवर ठेवलेली बाटली त्याआधीच निकामी होते.

आकड्यांचा अर्थ

रक्तातले किटोन मिलिमोलमध्ये मोजतात. ०.६ च्या खाली ठीक. ०.६ ते १.५ म्हणजे किटोन वाढायला लागलेत; आजारपणाच्या दिवसाचे नियम (खाली ‘घरी करायचं काय’मध्ये दिलेत ते) सुरू करा आणि दोन तासांनी परत बघा. १.५ ते ३ म्हणजे डीकेएचा धोका खरा आहे. डॉक्टरांना फोन, जादा इन्सुलिन, आणि रात्र असेल तर कुणीतरी जागं राहायचं. ३ किंवा त्याहून जास्त असेल तर घरी थांबू नका. लघवीच्या स्ट्रिपवर पुसट आणि थोडे हे ढोबळमानाने ०.६ ते १.५ च्या पायरीत बसतात, मध्यम १.५ ते ३ च्या आणि गडद ३ च्या पुढच्या.

किटोनबरोबर शुगरही बघायला हवी, कारण एकाच किटोनच्या आकड्याचे दोन अर्थ होतात. शुगर ३०० आणि किटोन १.२ असतील तर इन्सुलिन कमी पडतंय. शुगर ९० आणि किटोन १.२ असतील तर बहुधा पोटात अन्न नाही. दुसऱ्या वेळी नुसतं इन्सुलिन दिलं तर शुगर पडेल, आणि नुसतं थांबवलं तर किटोन वाढतील. म्हणून आधी गोड काहीतरी पाजायचं आणि त्याच्या जोडीने डॉक्टरांनी सांगितलेलं इन्सुलिन द्यायचं. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. शुगर कमी आहे आणि तरीही इन्सुलिन? होय, साखर आणि इन्सुलिन दोन्ही. तेव्हाच चरबी जळायची थांबते.

घरी करायचं काय

पहिलं काम, बेसल इन्सुलिन चालू ठेवणं. ग्लार्जिन, डेग्लुडेक असं दिवसभर पुरणारं जे काही असेल ते, जेवण होवो न होवो, ठरल्या वेळेला द्यायचं. आजारपणात शरीरात असे संप्रेरक वाढतात जे शुगर वर ढकलतात, त्यामुळे न खाताही इन्सुलिनची गरज बहुतेक वेळा वाढलेलीच असते. पोटाच्या काही संसर्गांत शुगर कमी राहते, तेव्हा डॉक्टर बेसल थोडं कमी करायला सांगू शकतात. कमी करायचं, बंद नाही. मिक्स इन्सुलिन (बेसल आणि लवकर काम करणारं एकाच बाटलीत) घेणाऱ्यांनी आजारपणात काय करायचं हे आधीच विचारून ठेवावं, कारण त्यात बेसल वेगळं करता येत नाही.

दुसरं, जादा इन्सुलिन. नोव्होरॅपिड, ह्युमलॉग यांसारखं लवकर काम करणारं इन्सुलिन यासाठी वापरतात. दिवसभराच्या एकूण इन्सुलिनच्या १० टक्के, किटोन जास्त असतील तर २० टक्क्यांपर्यंत, असा हिशोब बरेच डॉक्टर लिहून देतात आणि दोन ते चार तासांनी पुन्हा तपासून पुढचा डोस ठरवतात. तुमच्या फाईलमध्ये असा कागद नसेल तर पुढच्या भेटीत तो मागून घ्या. तोवर स्वतःच्या मनाने डोस ठरवू नका, फोन करा. पंप असेल तर हा डोस पंपातून नाही, इन्सुलिनच्या पेनाने किंवा सिरिंजने द्यायचा, आणि पंपाचा नळी-सुईचा सेट लगेच बदलायचा. पंपात फक्त लवकर काम करणारं इन्सुलिन असतं. नळी दुमडली तर शरीरात शिल्लक काहीच उरत नाही आणि काही तासांतच किटोन चढतात.

तिसरं, पाणी. एकदम ग्लासभर नाही; चमच्या-चमच्याने, दर पाच-दहा मिनिटांनी. शुगर वर असेल तर साधं पाणी, मिठाचं पातळ ताक, साखर न घातलेलं लिंबूपाणी, वरणाचं वरचं पाणी. शुगर साधारण २०० च्या खाली उतरू लागली की साखर आत गेलीच पाहिजे: तांदळाची पातळ पेज, सरबत, शहाळ्याचं पाणी, ओआरएस. किडनीचा त्रास असलेल्यांनी शहाळं डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. ओआरएस म्हणजे लिटरभर पाण्यात कालवायची पुडी, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची. तिच्यात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. तसंच नाव लावून विकली जाणारी तयार पेयं कितीतरी गोड असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी पाकिटावरचं सूत्र वाचूनच घ्या.

चौथं, आराम. शुगर उतरवायला मैदानात पळायला पाठवणं, जिने चढायला लावणं असलं काही किटोन असताना करायचं नाही. इन्सुलिन नसताना व्यायाम केला तर चरबी आणखी जळते आणि किटोन वाढतात.

आणि सगळं लिहून ठेवायचं. वहीत पाच रकाने आखा: वेळ, शुगर, किटोन, दिलेलं इन्सुलिन, प्यायलेलं आणि उलटी. अशा एका रात्रीचा नमुना देते. समजा बारा वर्षांचा मुलगा आहे, ताप आहे, दिवसाला एकूण ४० युनिट घेतो, बेसल वेळेवर दिलेलं आहे. रात्री ९ वाजता शुगर ३१८, किटोन १.८. डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या कागदाप्रमाणे १० टक्के, म्हणजे ४ युनिट दिले. पाणी सुरू केलं. ११ वाजता शुगर २६२, किटोन १.३. डॉक्टरांना पुन्हा फोन केला, त्यांनी आणखी २ युनिट सांगितले. १ वाजता शुगर १९४, किटोन ०.८. आता वाटीभर पेज, थोडी साखर घालून, आणि त्यापुरतं इन्सुलिन. ३ वाजता शुगर १७०, किटोन ०.४. आता घरातल्यांनी आळीपाळीने झोपायला हरकत नाही, पण सकाळी ६ ला पुन्हा एकदा तपासायचं. ११ वाजता आकडे वर गेले असते किंवा मुलाने पाणी उलटून टाकलं असतं, तर त्याच वेळी गाडी काढायची होती.

गाडी कधी काढायची

किटोन ३ किंवा जास्त, किंवा स्ट्रिप गडद जांभळी. दोन तास पोटात पाणीही ठरत नाही. जादा इन्सुलिन दोनदा देऊनही किटोन उतरत नाहीत. पोट असह्य दुखतंय. माणूस पेंगतोय, बोलणं तुटक झालंय, विचारलेलं कळत नाही. शुगर ७० च्या खाली आहे आणि तोंडावाटे काही राहत नाही. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, एकटं राहणारं माणूस यांच्या बाबतीत याहूनही लवकर निघा.

श्वासाकडे खास लक्ष ठेवा. पळून आल्यासारखा खोल, जोराचा श्वास, तोही अंथरुणावर पडल्या पडल्या. जर्मन डॉक्टर अडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आजही डॉक्टर त्याला कुसमाउलचा श्वास म्हणतात. रक्तातलं आम्ल श्वासावाटे बाहेर टाकायची शरीराची ती धडपड असते. हा श्वास दिसला की मीटर शोधण्यातही वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा.

जायचं ते चोवीस तास प्रयोगशाळा आणि आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात. छोट्या दवाखान्यात एक सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन घेऊन घरी परतणं फार महागात पडू शकतं, कारण उलटी तेवढी थांबते आणि किटोन वाढतच राहतात. कॅज्युअल्टीत शिरताच पहिलं वाक्य हे बोला: ‘टाईप १ मधुमेह आहे, किटोन वाढलेत, डीकेए असू शकतो.’ नुसतं ‘उलट्या होतायत’ म्हणालात तर रांगेत बसावं लागेल. वही आणि इन्सुलिनची पेनं सोबत घ्या.

आत काय चालतं ते आधीच ठाऊक असलेलं बरं. सलाईन, मग इन्सुलिन थेंबाथेंबाने शिरेतून, आणि दर काही तासांनी पोटॅशियमची तपासणी. इन्सुलिन दिलं की रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये जातं आणि ते फार उतरलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. डीकेए घरी बरा करायचा नाही याचं हे मोठं कारण. थोड्या वेळाने शुगर २५० च्या आसपास आली की नर्स ग्लुकोजची बाटली लावते. इथे नातेवाईक घाबरतात, भांडतातही, की शुगरच्या पेशंटला ग्लुकोज का लावलं. ते बरोबर असतं. शुगर आधी उतरते, किटोन जायला जास्त वेळ लागतो, आणि तोवर इन्सुलिन चालू राहावं म्हणून ग्लुकोज द्यावंच लागतं. मूल असेल तर उशाशी बसलेल्याने एक काम करावं: उपचार चालू असताना डोकं दुखतंय असं म्हणालं किंवा फार पेंगायला लागलं, तर ताबडतोब नर्सला बोलवावं. मुलांमध्ये मेंदूला सूज येण्याचा धोका असतो आणि सुरुवातीची खूण हीच असते.

टाईप २ वाल्यांनीही हा भाग वाचा

टाईप २ मध्ये किटोन क्वचित एवढे वाढतात, पण मोठा संसर्ग, हार्ट अटॅक, ऑपरेशन अशा वेळी वाढू शकतात. आणि आता एक नवं कारण आलं आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन: नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. हृदयाला आणि किडनीला त्यांचा चांगला फायदा होतो, म्हणून त्या घाबरून सोडून देऊ नका. आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली आणि आज कितीतरी घरांत ती आहे, पुष्कळदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत. या गोळीवर असताना डीकेए झाला तर शुगर पुष्कळदा फारशी वाढलेली नसते. मीटरवर १६० दिसतात आणि माणूस मात्र उलट्यांनी गळून गेलेला असतो. ‘शुगर तर ठीक आहे’ म्हणून कुणी किटोन बघत नाही. तुमच्या पाकिटावर हे नाव आहे का ते आजच बघा. ताप-जुलाब-उलट्यांच्या दिवशी आणि लांबलचक उपवासाच्या वेळी ही गोळी थांबवायची असते, ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी साधारण तीन दिवस बंद करतात. तुमचं नेमकं कसं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पण गोळी थांबवायची म्हणजे इन्सुलिनही थांबवायचं असा अर्थ कुणी काढू नये.

उपवासाचं म्हणाल तर नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढणं इन्सुलिनवर असलेल्या माणसाने करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकादशीला वरी-भगर, ताक, राजगिरा, फळं वेळेवर खाऊन आणि इन्सुलिन बसवून घेऊन ज्यांना जमतं त्यांचं जमतं. रोज्याबद्दलही महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणि वजन उतरवायला कीटो डाएट (भात-पोळी-साखर जवळजवळ बंद) करायचं डोक्यात असेल, तर टाईप १ असलेल्यांनी आणि ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी ते परस्पर सुरू करू नये.

किटोन का आले, ते शोधा

किटोन उतरले की कारण शोधायला बसा. आजारपण नव्हतं तर बहुधा इन्सुलिनपाशीच काहीतरी बिनसलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे गाडीच्या डिकीत राहिलेलं पेन, फ्रीजरच्या कप्प्याला टेकून गोठलेली आणि मग वितळलेली बाटली, महिन्याच्या वर उघडी राहिलेली बाटली: हे इन्सुलिन दिसायला नेहमीसारखंच असू शकतं, पण नीट काम करत नाही. शंका आली तर नवीन उघडा. फ्रीज नसेल तर पाण्याचा माठ किंवा ओल्या वाळूतली मडकी उपयोगी पडतात. बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून ठेवायची. रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ आली असेल तर त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. मांडी, पोट बोटांनी चाचपून बघा.

सिरिंजची गल्लत आपल्या देशात खास घडते. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या ४० च्या (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असतात आणि त्यांची सिरिंज लाल झाकणाची. नारिंगी झाकणाची सिरिंज १०० च्या इन्सुलिनसाठी असते. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत ओढलं, तर प्रत्यक्षात फक्त ८ युनिट जातात. दोन दिवस असं झालं तरी किटोन उभे राहतात. उलट गल्लत झाली तर अडीचपट इन्सुलिन जातं आणि शुगर धोकादायक पडते. मेडिकलवाल्याने सिरिंज बदलून दिली की दरवेळी झाकणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळवा.

वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते, मुद्दाम इन्सुलिन न घेणं. कधी कंटाळा, कधी कॉलेजात लाज, कधी वजन कमी व्हावं म्हणून. वारंवार किटोन येत असतील तर शांतपणे, एकटं गाठून विचारा. ओरडलात तर पुढच्या वेळी तुम्हाला कळणारच नाही. आणि काही दिवस रोजचं इंजेक्शन तुमच्यासमोर घ्यायची व्यवस्था करा, शिक्षा म्हणून नाही, सोबत म्हणून.

या आठवड्यात करून ठेवायची कामं

एका डब्यात स्ट्रिपची न उघडलेली बाटली, लवकर काम करणारं इन्सुलिन कुठे ठेवलंय त्याची चिठ्ठी, सिरिंज, ओआरएसच्या पुड्या, ग्लुकोजची पावडर, थर्मामीटर आणि ती पाच रकान्यांची वही. पंपवाल्यांनीही पेन हाताशी ठेवायचं. वारीला, लग्नाला, गावच्या जत्रेला जाताना हा डबा बॅगेत गेलाच पाहिजे, कारण प्रवासातच जेवणं चुकतात आणि इन्सुलिन तापतं.

फ्रीजच्या दारावर एक कागद लावा, मोठ्या अक्षरात: बेसलचं नाव आणि वेळ, किटोन किती असतील तर किती युनिट, डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडं असलेलं आयसीयूवालं हॉस्पिटल आणि तिथे जायचा रस्ता. तसाच कागद शाळेत वर्गशिक्षकांकडे द्या, आणि त्यांना उलटीचं तेवढं तोंडी सांगा: मूल ओकलं तर घरी पाठवायच्या आधी आम्हाला फोन करा, एकटं रिक्षात बसवू नका.

डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला जाताना तो फ्रीजवरचा कागद कोराच घेऊन जा आणि आकडे त्यांच्याकडूनच भरून, सही करून घ्या. मुलाचं वजन वाढलं, रोजचे युनिट बदलले, की जुना कागद काढून नवीन लावायचा. आजीला तो वाचून दाखवायचा, बेसलच्या ओळीवर बोट ठेवून.